समुद्र होता तिथे आज कापूस: प्राचीन जगाचे नकाशे संगणकावर कसे तयार होतात

तुर्कस्तानच्या पश्चिम किनाऱ्यापासून आठ-नऊ किलोमीटर आत, सपाट शेतजमिनीत, मिलेटस या प्राचीन शहराचं दगडी नाट्यगृह उभं आहे. त्याच्या वरच्या पायऱ्यांवरून पाहिलं तर दूरवर शेतं दिसतात. कापूस हे या मैदानाचं मोठं पीक. आणि याच शहराला चार बंदरं होती, असं स्ट्रेबो हा ग्रीक भूगोलकार लिहून गेला आहे. नाट्यगृहाच्या पश्चिमेला मैदानातून एक बुटकी टेकडी वर आलेली आहे. ती म्हणजे लाडे. इ.स.पू. 494 मध्ये ते बेट होतं आणि त्याच्या आसपासच्या पाण्यात आयोनियन ग्रीकांची 353 जहाजं इराणी आरमाराच्या 600 जहाजांशी भिडली. आकडे हेरोडोटस या ग्रीक इतिहासकाराचे आहेत. पुढे मेअँडर नदीने (आजची ब्युयुक मेंदेरेस) शतकानुशतकं गाळ आणून अख्खं आखात बुजवलं. त्या आखाताचा एक तुकडा मागे राहिला, तो म्हणजे आजचं बाफा सरोवर.

आता या लढाईचा नकाशा करायचा आहे असं धरा. ऑनलाइन मिळणारा आजचा नकाशा पार्श्वभूमीला घेतला आणि त्यावर योग्य जागी ठिपका टाकला, तर साडेनऊशे जहाजं शेतात लढताना दिसतील. ठिपक्याची जागा अचूक आणि नकाशा साफ चुकीचा, अशी गत होते.

प्राचीन भूगोलाचे नकाशे करण्यातली खरी अडचण अशी आहे. सॉफ्टवेअर शिकायला काही आठवडे पुरतात. पण नकाशावरचा प्रत्येक बिंदू, प्रत्येक रेषा हे कुणीतरी पुराव्यावरून काढलेलं अनुमान असतं. त्यातली काही अनुमानं दगडासारखी पक्की असतात, काही हवेतली. संगणक मात्र सगळ्यांना सारख्याच ठसठशीत ठिपक्याने दाखवतो. कोणती गोष्ट किती पक्की आहे हा फरक पहिल्या फाइलपासून शेवटच्या छपाईपर्यंत हरवू न देणं, हे मला या कामातलं सगळ्यात मोलाचं कसब वाटतं.

ठिपक्यामागचा तक्ता

असे नकाशे जीआयएस प्रकारच्या सॉफ्टवेअरमध्ये करतात. जीआयएस म्हणजे भौगोलिक माहिती प्रणाली. नाव जड आहे, कल्पना सोपी. ट्रेसिंग पेपरचे कागद एकावर एक ठेवावेत तसे यात थर असतात, त्यांना सगळे लेअरच म्हणतात. एका लेअरवर डोंगरांची उंची, दुसऱ्यावर नद्या, तिसऱ्यावर शहरं. लेअर दोन जातींचे. उपग्रहाचं छायाचित्र किंवा स्कॅन केलेला जुना नकाशा म्हणजे रास्टर, बारीक चौकटींनी भरलेलं चित्र. बिंदू, रेषा आणि बंद आकृत्या म्हणजे व्हेक्टर. व्हेक्टरमधल्या प्रत्येक आकृतीमागे तक्त्यातली एक ओळ असते. चित्रकलेच्या सॉफ्टवेअरमध्ये काढलेला नकाशा देखणा होऊ शकतो, पण त्यातल्या ठिपक्याला आपण मिलेटस आहोत हे ठाऊक नसतं. जीआयएसमधल्या ठिपक्याला ठाऊक असतं.

क्यूजीआयएस हे या कामासाठी सर्वाधिक वापरलं जाणारं मोफत, मुक्त सॉफ्टवेअर. 2002 मध्ये सुरू झालेला हा प्रकल्प जगभरचे स्वयंसेवक वाढवत आले आहेत. साध्या लॅपटॉपवर ते चालतं आणि देवनागरी लेबलंही नीट उमटवतं, फक्त फाइल यूटीएफ-8 मध्ये (अक्षरं साठवण्याची ही एक प्रमाण पद्धत) जतन केलेली हवी.

सुरुवात साध्या तक्त्याने करावी. स्प्रेडशीटमध्ये एक ओळ म्हणजे एक ठिकाण. कॉलम असे ठेवता येतील: प्राचीन नाव, आजचं नाव, रेखांश, अक्षांश, कधीपासून, कधीपर्यंत, जागा किती पक्की, आणि कशावरून. शेवटचे दोन कॉलम नवशिके हटकून गाळतात, आणि सहा महिन्यांनी स्वतःलाच विचारत बसतात की हा बिंदू इथे का टाकला होता. तक्ता सीएसव्ही फाइल (रकाने स्वल्पविरामांनी वेगळे केलेली साधी मजकूर-फाइल) म्हणून जतन करायचा आणि क्यूजीआयएसमध्ये उघडायचा, की बिंदू दिसू लागतात.

इथे एक चूक जवळपास प्रत्येकाकडून होते. बोलताना आपण आधी अक्षांश म्हणतो आणि मग रेखांश. सॉफ्टवेअर मात्र आधी एक्स मागतं, आणि एक्स म्हणजे रेखांश. मिलेटस साधारण 37.53 उत्तर, 27.28 पूर्व इथे आहे. आकडे उलटे पडले तर ते सरळ वायव्य अरबस्तानच्या वाळवंटात जाऊन बसतं. एखादा बिंदू भलत्याच देशात दिसला, तर आधी हेच तपासावं.

टॉलेमीचे आकडे

जागा ठरवायची कशावरून? अवशेष सापडले असतील आणि तिथल्या शिलालेखात गावाचं नाव असेल, तर प्रश्नच मिटला. पण हजारो ठिकाणं आपल्याला केवळ लिखाणातून माहीत आहेत. आणि प्राचीन लेखकांमध्ये एकाने तर आपलं काम फारच सोपं करून ठेवलंय असं पहिल्यांदा वाटतं. अलेक्झांड्रियाच्या क्लॉडियस टॉलेमीने इ.स. 150 च्या सुमारास सुमारे 8,000 नावांची यादी केली आणि त्यातल्या बहुतेकांना अक्षांश-रेखांश दिले. म्हणजे जवळजवळ तयार सीएसव्हीच!

ती जशीच्या तशी आजच्या नकाशावर टाकली की काय होतं ते पाहू. टॉलेमी रोमला 36 अंश 40 मिनिटं रेखांश आणि 41 अंश 40 मिनिटं अक्षांश देतो. अलेक्झांड्रियाला 60 अंश 30 मिनिटं आणि 31 अंश. अक्षांश उत्तम आहेत. रोम खरोखर 41 अंश 54 मिनिटांवर आहे, अलेक्झांड्रिया 31 अंश 12 मिनिटांवर. रेखांशाचा आरंभ त्याने आफ्रिकेच्या पश्चिमेकडच्या 'सौभाग्य बेटां'पासून धरला, आपण ग्रीनिचपासून धरतो, त्यामुळे आकडे सरकलेले असणारच. पण दोन शहरांमधलं अंतर तरी जुळायला हवं ना? टॉलेमीच्या हिशेबात ते 23.8 अंश आहे. खरं अंतर 17.4 अंश. म्हणजे त्याचा नकाशा पूर्व-पश्चिम ताणला गेला आहे, जवळपास 1.37 पट.

असं का झालं, ही गोष्ट मला फार आवडते. अक्षांश काढायला एक काठी आणि दुपारची सावली पुरते, किंवा वर्षातला सर्वांत मोठा दिवस किती तासांचा हे पाहिलं तरी चालतं. रेखांशासाठी मात्र दोन ठिकाणी एकाच क्षणी स्थानिक वेळ काय होती हे कळावं लागतं. त्या काळात अशी एकच घड्याळं होती, चंद्रग्रहणं. टॉलेमी इ.स.पू. 331 च्या ग्रहणाचा दाखला देतो. ते आर्बेलाला (आजचं इराकमधलं एर्बिल) रात्रीच्या पाचव्या तासाला दिसलं आणि कार्थेजला (आजच्या ट्युनिसजवळ) दुसऱ्या तासाला. फरक तीन तास, म्हणजे 45 अंश. खरा फरक 34 अंशांच्या आत आहे. शिवाय टॉलेमीच्या आधी एराटोस्थेनीस या ग्रीक विद्वानाने पृथ्वीचा परिघ 2,52,000 स्टेडियन (ग्रीकांचं अंतराचं माप) काढला होता. टॉलेमीने तो सोडून 1,80,000 घेतला. पृथ्वी लहान धरली, की प्रवाशांनी सांगितलेलं तेवढंच अंतर जास्त अंशांत पसरतं.

ताण कळला की तो काढताही येतो. क्यूजीआयएसच्या फील्ड कॅल्क्युलेटरमध्ये साधं सूत्र घालायचं: टॉलेमीच्या रेखांशातून 36.67 (रोमला त्याने दिलेला रेखांश) वजा करा, 1.37 ने भागा, 12.5 (रोमचा खरा रेखांश) मिळवा. अथेन्सला तो 52 अंश 45 मिनिटं देतो. सूत्रातून 24.2 येतात, खरा आकडा 23.7 आहे. अर्ध्या अंशाची चूक, म्हणजे 45 किलोमीटरच्या आसपास. एकोणीसशे वर्षांपूर्वीच्या यादीतून हे निघतं याचं मला आजही अप्रूप वाटतं.

पण हे सूत्र भूमध्य समुद्राच्या मध्यभागापुरतंच. टॉलेमीच्या यादीत भारताचं द्वीपकल्प जवळपास नाहीसं होतं, किनारा पश्चिमेकडून पूर्वेकडे आडवा पळतो आणि श्रीलंका अवाढव्य होते. तिथे कोणताही एक गुणक कामाला येत नाही. आणखी एक गोष्ट. टॉलेमीची सर्वांत बारीक मोजणी एका अंशाचा बारावा भाग, म्हणजे पाच मिनिटं. अक्षांशात ते नऊ किलोमीटरहून थोडं जास्त होतं. संगणक मात्र सवयीने सहा दशांश स्थळं लिहितो, आणि सहावं दशांश स्थळ म्हणजे सुमारे 11 सेंटीमीटर. नऊ किलोमीटरच्या अंदाजाला सेंटीमीटरचा पोशाख चढवू नये. आकडे कॉलममध्येच गोल करून ठेवावेत.

व्यापाऱ्याच्या वाटेने

दुसऱ्या तऱ्हेचा पुरावा म्हणजे प्रवासाची अंतरं. इ.स.च्या पहिल्या शतकात एका अनामिक ग्रीकभाषक व्यापाऱ्याने 'पेरिप्लस' नावाची तांबड्या समुद्रापासून भारतापर्यंतची माहितीपुस्तिका लिहिली. त्यात बारिगाझा बंदराच्या दक्षिणेला वीस दिवसांच्या वाटेवर पैठण येतं आणि तिथून पूर्वेला दहा दिवसांवर तगर हे फार मोठं शहर येतं, असं म्हटलं आहे. बारिगाझा म्हणजे भरुच आणि पैठण म्हणजे पैठणच, यात वाद नाही. तगर कुठलं?

भरुच ते पैठण सरळ रेषेत सुमारे 350 किलोमीटर. वीस दिवसांनी भागलं तर दिवसाला साडेसतरा किलोमीटर. लेखकाच्या मालवाहू गाड्यांचा वेग आपल्याला मिळाला. आता पैठणभोवती दहा दिवसांचं, म्हणजे 175 किलोमीटर त्रिज्येचं वर्तुळ काढायचं. जीआयएसमध्ये याला बफर म्हणतात. सरळ पूर्व ही दिशा काटेकोर न घेता ईशान्य ते दक्षिण-आग्नेय अशी पाचर ठेवायची, कारण पैठण तरी भरुचच्या सरळ दक्षिणेला कुठे आहे, ते आग्नेयेला आहे. या पाचरीत तेर येतं, पैठणपासून सुमारे 150 किलोमीटरवर आग्नेयेला. तेरला सातवाहनकालीन वस्ती आणि रोमन व्यापाराच्या खुणा सापडल्या आहेत, नावाचा धागाही जुळतो. तगर म्हणजे तेर हे आज सर्वसाधारणपणे मान्य आहे.

इथे नकाशाने एकट्याने काही सिद्ध केलेलं नाही. त्याने शोधाचं क्षेत्र आखून दिलं, निवाडा उत्खननाने आणि नावाच्या इतिहासाने केला. आणि वर्तुळाची रेघ जितकी जाड तितकी ती खरी. ग्रीक स्टेडियन घ्या. डेल्फीच्या धावपट्टीवर तो सुमारे 177 मीटरचा आहे, ऑलिंपियाच्या धावपट्टीवर 192 मीटरचा. 'दोनशे स्टेडियन' म्हटलं की 35 ते 38 किलोमीटरची कडी काढायची, एकच रेघ ओढायची नाही.

नाव, जागा आणि ठिकाण

सुदैवाने सगळं शून्यापासून करावं लागत नाही. रिचर्ड टॅल्बर्ट यांच्या संपादनाखाली 2000 मध्ये 'बॅरिंग्टन ॲटलास' प्रसिद्ध झाला. ग्रीक आणि रोमन जगाचे 102 नकाशे, त्यामागे कित्येक विद्वानांचं वर्षानुवर्षांचं काम. त्या कामातून 'प्लायाडीज' हा ऑनलाइन स्थलनामकोश उभा राहिला. आज त्यात 40,000 हून अधिक ठिकाणं आहेत, मूळ लेखन नमूद करून कुणीही ती वापरू शकतं, आणि प्रत्येक ठिकाणाला कायमचा क्रमांक आहे. रोम म्हणजे 423025, अथेन्स म्हणजे 579885. आपल्या तक्त्यात हा क्रमांक ठेवला, तर स्पेलिंग कसंही लिहिलं तरी दोन वेगळ्या अभ्यासकांचे तक्ते एकमेकांना जोडता येतात.

प्लायाडीजची एक कल्पना नीट समजून घेण्यासारखी आहे. तिथे ठिकाण, नाव आणि जागा या तीन वेगळ्या नोंदी असतात. सुरुवातीला हा उगाच वाढवलेला व्याप वाटतो. मग थोनिस-हेराक्लिऑनची हकिकत कळते. ग्रीक लेखक नाईलच्या मुखाशी असलेल्या हेराक्लिऑनबद्दल लिहीत, इजिप्शियन लेखांत थोनिस नावाचं बंदर येई. ही दोन गावं असावीत असं दीर्घकाळ धरलं जात होतं. 2000 मध्ये फ्रांक गोदियो यांच्या चमूला अबू कीरच्या उपसागरात, किनाऱ्यापासून साडेसहा किलोमीटरवर, पाण्याखाली शहर सापडलं आणि तिथल्या शिलालेखामुळे कळलं की दोन्ही नावं एकाच शहराची. ज्याने नाव म्हणजेच ठिकाण असा तक्ता केला होता, त्याच्याकडे एका शहराच्या दोन ओळी निघाल्या असत्या. नाव वेगळं आणि ठिकाण वेगळं ठेवणाऱ्याला दोन नावं एका ठिकाणाला जोडायची आणि जागा पाण्यात हलवायची, एवढंच काम. उलटही घडतं. अलेक्झांड्रिया नावाची शहरं कितीतरी होती. नावावरून आपोआप जागा शोधणारी साधनं अशा वेळी बिनदिक्कत चुकीचं गाव उचलतात.

पार्श्वभूमी धुऊन घेणं

आता लाडेच्या प्रश्नाकडे. खालचा नकाशा प्राचीन कसा करायचा?

पहिलं काम काढून टाकण्याचं. आजचे रस्ते, सीमा, विमानतळ असलेला तयार नकाशा बंद करायचा. त्याऐवजी नॅचरल अर्थ या सार्वजनिक मालकीच्या संचातून किनारे आणि नद्या घ्यायच्या, आणि उंचीसाठी एसआरटीएमची माहिती. फेब्रुवारी 2000 मध्ये एंडेव्हर अंतराळयानाने अकरा दिवसांत रडारने बहुतेक भूभागाची उंची मोजली, तो हा साठा. त्यावरून क्यूजीआयएस डोंगरांची छायाकृती काढून देतं.

पण यातही आजचं जग लपून बसलेलं असतं, आणि सर्वांत जास्त धरणांत. नाईलवरचं नासेर सरोवर 1970 मध्ये पुरं झालेल्या आस्वानच्या मोठ्या धरणाचं. फरोहांच्या इजिप्तच्या नकाशावर ते निळं लांबोडं पाणी दिसलं, की करणाऱ्याने पार्श्वभूमी तपासली नाही हे लगेच कळतं. युफ्रेटिस नदीवर समोसाटा हे प्राचीन शहर अतातुर्क धरणाच्या पाण्याखाली गेलं, झेउग्मा या दुसऱ्या प्राचीन शहराचा काही भाग 2000 मध्ये बिरेजिक धरणाने बुडवला. एसआरटीएमला नासेर आणि समोसाटाच्या जागी पाण्याचा सपाट पृष्ठभागच दिसला, जुनं खोरं दिसलं नाही. अशा जागी कोरोना उपग्रहांची छायाचित्रं उपयोगी पडतात. 1960 ते 1972 या काळात अमेरिकेने हेरगिरीसाठी ती घेतली आणि 1995 मध्ये खुली केली. अनेक धरणांच्या आणि यांत्रिक नांगरणीच्या आधीची जमीन त्यांत आहे. पश्चिम आशियात तर हजारो वर्षं माणसं-जनावरं चालून खोल गेलेल्या वाटा त्यांत काळ्या रेषांसारख्या दिसतात.

दुसरं काम भर घालण्याचं. ग्रीसमधलं कोपाइस सरोवर एकोणिसाव्या शतकात उपसून शेती केली गेली, ते परत भरायचं. नाईलला प्राचीन लेखक सात मुखं सांगतात, आज मुख्य दोन उरली आहेत. थर्मोपिलीची खिंड, जिथे ग्रीकांनी इराणी फौज अडवून धरली, इ.स.पू. 480 मध्ये डोंगर आणि समुद्र यांच्यात चिमटलेली होती, आता स्पर्खिओस नदीच्या गाळाने समुद्र काही किलोमीटर मागे ढकलला आहे. खिंड का अडवता आली हे आजच्या किनाऱ्यावरून कुणालाच कळणार नाही. पश्चिम क्रीटमध्ये तर जमीनच उठली. इ.स. 365 च्या भूकंपाच्या सुमारास तिथला किनारा काही ठिकाणी नऊ मीटर वर आला आणि फालासार्ना बंदर कोरडं पडलं. त्यामुळे 'समुद्राची पातळी इतके मीटर खाली करा' अशी एकच आज्ञा देऊन प्राचीन किनारा मिळत नाही. एक जागा वर येते, दुसरी खचते, तिसरी गाळाने भरते. किनारा तुकड्यातुकड्याने, स्थानिक भूगर्भ अभ्यास वाचून हाताने आखावा लागतो. नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठाच्या एन्शंट वर्ल्ड मॅपिंग सेंटरने भूमध्य जगासाठी असे किनारे, सरोवरं आणि रस्ते आखून मोफत ठेवले आहेत. तिथून सुरुवात केली तर पुष्कळ श्रम वाचतात.

सपाट कागद, गोल पृथ्वी

प्रक्षेपणाबद्दल, म्हणजे गोल पृथ्वी सपाट कागदावर उतरवण्याच्या रीतीबद्दल थोडक्यात, पण हे सोडून चालणार नाही. गोल पृथ्वी सपाट केली की काही ना काही वेडंवाकडं होतं. ऑनलाइन नकाशे वेब मर्केटर वापरतात, त्यात विषुववृत्तापासून दूर गेलं की अंतरं फुगतात. अथेन्सभोवती त्या प्रक्षेपणात 100 किलोमीटरचं बफर काढलं, तर जमिनीवर ते 79 किलोमीटरचंच असतं. वीस दिवसांच्या वाटेचं गणित तिथेच कोसळतं. मोजमाप करायचं असेल तर त्या भागाचा यूटीएम पट्टा (पृथ्वीचे उभे पट्टे करून प्रत्येकात मीटरमध्ये मोजणारं प्रक्षेपण) निवडावा, मिलेटससाठी तो 35 उत्तर. आणि लेअर अंशांत असताना बफरच्या रकान्यात 100 लिहिलं तर सॉफ्टवेअर ते 100 अंश समजतं. पडद्यावर अर्धं जग रंगलं की समजावं, एककं चुकली.

जुना नकाशा ताणून बसवताना

उत्खननाचा शंभर वर्षांपूर्वीचा आराखडा हाती लागला, तर तो स्कॅन करून खऱ्या जागी बसवता येतो. याला जिओरेफरन्सिंग म्हणतात. आराखड्यावर आणि उपग्रहचित्रावर दोन्हीकडे ओळखू येणाऱ्या जागा शोधायच्या, मंदिराचा कोपरा, तटाचं वळण, आणि त्यांच्या जोड्या लावायच्या. किमान तीन जोड्या लागतात, पण तीनांवर भागवू नये. तीन बिंदूंत चूक शून्य दाखवली जाते, कारण तपासायला चौथा बिंदूच नसतो. आठ-दहा बिंदू पसरून घ्यावेत, सगळे एका कोपऱ्यात नकोत. नकाशा बसवल्यावर प्रत्येक बिंदू आपल्या खऱ्या जागेपासून किती चुकतो हे सॉफ्टवेअर दाखवतं. एखादा बिंदू फार चुकत असेल तर तो घाईने पुसून टाकू नये. कधी आपली ओळख चुकलेली असते, कधी मूळ आराखडा करणाऱ्याची, आणि कधी भिंतच मधल्या काळात पडून नवी बांधलेली असते.

काही नकाशे मात्र असे बसवूच नयेत. रोमन काळातल्या मूळ नकाशाची मध्ययुगीन प्रत असलेली 'पॉइटिंगर पट्टी' व्हिएन्नाच्या राष्ट्रीय ग्रंथालयात आहे. लांबी पावणेसात मीटर, रुंदी 34 सेंटीमीटर. स्पेनच्या कडेपासून भारतापर्यंतचं जग या चिंचोळ्या पट्टीत दाबलेलं, भूमध्य समुद्र कालव्यासारखा. हा नकाशा आकार सांगायला केलेलाच नव्हता, कोणत्या गावानंतर कोणतं गाव आणि मधे किती मैल एवढं तो सांगतो. त्याला पृथ्वीवर ताणण्याऐवजी त्यातली गावं आणि अंतरं तक्त्यात उतरवावीत. रोमन मैल 1.48 किलोमीटरचा. दोन टोकांची गावं पक्की असतील तर मधल्या हरवलेल्या गावाची जागा अंतरांवरून अंदाजता येते. फक्त रोमन अंक हाताने नकलताना एखादी रेघ सहज गळते हे ध्यानात ठेवावं.

दोन गावं पक्की, पण मधला रस्ता अज्ञात? मग कमीत कमी कष्टाची वाट संगणकाकडून काढून घेता येते. यात बहुधा वॉल्डो टोबलर यांचं 1993 चं सूत्र वापरतात. माणूस सपाटीवर ताशी सुमारे पाच किलोमीटर चालतो, हलक्या उतारावर सर्वांत जलद, चढाव वाढेल तसा मंद. निघणारी रेषा अभ्यासाला चांगली असते. पण ती 'रोमन रस्ता' म्हणून छापणं मला पटत नाही. रस्ते देवळांसाठी, पाण्यासाठी आणि कधी सरदाराच्या हट्टासाठीही वळतात.

काळाचा कॉलम

प्राचीन नकाशात काळ विसरला, की कधीच एकत्र न नांदलेली शहरं शेजारी दिसू लागतात. म्हणून कधीपासून-कधीपर्यंत हे दोन कॉलम. सॉफ्टवेअरचा तारखेचा नेहमीचा प्रकार इथे वापरू नये, इसवी सनापूर्वीच्या तारखांशी तो नीट वागत नाही. साधे पूर्णांक ठेवावेत, इ.स.पू. 494 साठी उणे 494. यातही एक मेख आहे. इतिहासात शून्य वर्ष नाही, खगोलशास्त्रज्ञांच्या गणनेत ते असतं आणि तिथे इ.स.पू. 494 म्हणजे उणे 493. कोणतीही एक पद्धत धरा आणि फाइलसोबत लिहून ठेवा. मग 'सुरुवात उणे 494 किंवा त्याआधी आणि शेवट उणे 494 किंवा त्यानंतर' एवढी गाळणी लावली, की त्या वर्षी वसलेली गावंच नकाशावर उरतात.

रंग आणि तुटक रेषा

'जागा किती पक्की' हा कॉलम इथे फळ देतो. क्यूजीआयएसमध्ये कॉलमच्या मूल्यावरून चिन्ह बदलता येतं. पक्की जागा भरीव ठिपका, संभाव्य जागा पोकळ वर्तुळ, नुसता प्रदेश माहीत असेल तर ठिपका टाकायचाच नाही, नाव प्रदेशावर तिरकं पसरायचं. अंदाजे किनारा तुटक रेषेने.

साम्राज्यांच्या सीमांबद्दल माझं मत ठाम आहे. जाड रेघेने बंद केलेली, आत गडद रंग भरलेली प्राचीन साम्राज्यं दिसायला दिमाखदार असतात आणि वाचणाऱ्याला फसवतात. रोमनांनी ब्रिटनमध्ये बांधलेल्या हेड्रियनच्या भिंतीसारखी जागा सोडली तर सत्ता कुठे संपते हे एका रेषेवर क्वचितच ठरत होतं. शहरं, रस्ते, छावण्या, नाणी आणि शिलालेख जिथे सापडले ते बिंदू दाखवावेत, रंग कडेला विरळ होऊ द्यावा. वाचणाऱ्याला डोळ्यांनीच कळतं की इथे पुरावा दाट आहे आणि तिथे पातळ.

हे सगळं करून लाडेचा नकाशा उघडला, की मिलेटस समुद्रात शिरलेल्या भूशिरावर दिसतं. आखाताचा मोठा निळा पट्टा आत डोंगरांपर्यंत जातो, बाफा सरोवर त्यात विरून जातं, आणि शहरासमोर एक लहानसं बेट येतं. आजचा किनारा फिक्या करड्या रेषेने खाली ठेवावा, म्हणजे जमीन किती पुढे सरकली ते नजरेत भरतं. जहाजांचे ठिपके मी टाकणार नाही. हेरोडोटस संख्या देतो, पण कोणतं जहाज कुठे उभं होतं हे त्यावरून नकाशावर मांडता येत नाही. त्या पाण्यात नुसतं नाव आणि वर्ष पुरे. खालच्या कोपऱ्यात बारीक अक्षरांत एवढं लिहावं: 'किनारा अंदाजे, गाळाच्या अभ्यासांवरून. शहरांच्या जागा प्लायाडीजवरून. उंची एसआरटीएम, धरणांचं पाणी काढून. प्रक्षेपण यूटीएम 35 उत्तर.'